विहिरीत पवायला येतं पण पूलमधे दम लागतो? फ्रीस्टाइल असं सुधारा

आपल्या मराठवाड्यात चाळिशीच्या पुढच्या कुणालाही विचारा पवायला कुठं शिकलास, उत्तर बहुतेक एकच येतं, विहिरीत. पाठीवर वाळलेला भोपळा नाहीतर तेलाचा रिकामा डबा, कमरेला कासरा, कासऱ्याचं दुसरं टोक काठावरच्या चुलत्याच्या नाहीतर मामाच्या हातात, अन् मग दिलं ढकलून. मी पण असाच शिकलो, परभणी जिल्ह्यात आमच्या शेतातल्या विहिरीत, काकांच्या हाताखाली. आठ दिवसात डबा सुटला, पंधरा दिवसात काठावरच्या थारोळ्यावरून मुटके मारायला लागलो, महिन्याभरात बुडी मारून तळाची माती मुठीत आणून दाखवायला लागलो, आणि पुढची वीस वर्षं मला कधी वाटलंच नाही की पवण्यात अजून काही शिकायचं राहिलंय.

मग नोकरीमुळं शहरात आलो, स्विमिंग पूलचा पास काढला आणि पहिल्या दिवशी २५ मीटरचा एक राउंड पण पूर्ण झाला नाही. पंधरा-सोळा मीटरवर दम संपला, लेनची दोरी धरून थांबावं लागलं. शेजारच्या लेनमधे बारा-तेरा वर्षांची एक मुलगी चालली होती, पाणी उडत नाही, आवाज नाही, एक राउंड, दुसरा, तिसरा, चौथा, आणि चेहऱ्यावर दमल्याची खूण नाही. अंगातली ताकद बघितली तर माझी तिच्या चौपट असणार. मग ती चालली कशी आणि मी अडकलो कशामुळं हे समजायला मला पुढची दोन वर्षं लागली, कारण जो तो एकच सांगायचा, प्रॅक्टिस करा, स्टॅमिना वाढेल. स्टॅमिना वाढला पण, पण अडचण तिथं नव्हतीच. म्हणून हे लिहितोय, ज्यांना पाण्याची भीती नाही, विहिरीत तास-तास निघतो, पण पूलमधे दोन राउंडला छाती भरून येते, त्यांची तरी ती दोन वर्षं वाचावीत. ज्यांना अजून अजिबात पवता येत नाही त्यांनी मात्र आधी कोचकडं जाऊन शिका, हे वाचून पाण्यात उतरू नका.

विहीर काय सवय लावते

विहिरीचा घेर असून असून किती, वीस-पंचवीस फूट. चार हात मारले की समोर भिंत, की वळा. सरळ रेषेत लांब जायची वेळच येत नाही. डोकं वर ठेवावंच लागतं, कारण वरून कोण कधी मुटका मारेल नेम नाही, मधे मोटारीचा पाइप असतो, पाण्यावर काडीकचरा असतो, कधी एखादा विरोळा पण असतो. श्वास कोंडून धरला तरी भागतं कारण दहा सेकंदात आपण पायरीला येऊन टेकतो. पाय खाली सायकल मारल्यासारखे चालू असतात कारण एका जागी तरंगत थांबायचं असतं, गप्पा मारायच्या असतात. विहिरीसाठी हे सगळं बरोबरच आहे, त्यात चूक काही नाही. पण २५ नाहीतर ५० मीटर सरळ जायचं म्हटलं की ह्याच तीन गोष्टी, डोकं वर, श्वास कोंडलेला अन् पाय लोंबते, आपल्याला मागं ओढतात.

नियमाचं विचाराल तर स्पर्धेत फ्रीस्टाइल म्हणजे कुठलीही स्टाइल, आपलं विहिरीतलं पवणं पण चालतं. अट एवढीच की सुरुवातीला आणि दर टर्ननंतर जास्तीत जास्त १५ मीटर पाण्याखाली राहता येतं, आणि राउंड संपला की अंगाचा कुठला तरी भाग भिंतीला लागला पाहिजे. तरी सगळे फ्रंट क्रॉलच मारतात, म्हणजे पालथं पडून एकेक हात वरून पुढं टाकत, कारण त्याच्यापेक्षा वेगात जायचा प्रकार कुणाला सापडलेला नाही. म्हणून फ्रीस्टाइल म्हटलं की तेच डोळ्यापुढं येतं.

एक गोष्ट मात्र डोक्यात पक्की बसवा, बाकी सगळं त्याच्यावर उभंय. पाणी हवेच्या साधारण ८०० पट दाट आहे, आणि वेग दुप्पट करायला गेलात की पाण्याचा अडथळा जवळपास चौपट होतो. म्हणजे जोर लावून जेवढं मिळतं त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त अंग आडवं ठेवून मिळतं.

गाडी उलाळ होऊ देऊ नका

मागच्या वर्षी काका आमच्याकडं पंधरा दिवस राहायला आले होते. वय साठीच्या पुढं पण अंग काटक, अजून विहिरीत सूर मारतात. त्यांना पूलवर घेऊन गेलो. डोकं पाण्यात घालायचं म्हटल्यावर ते भडकलेच, "आरं तोंड पाण्यात घालून कोण पवतं का? बुडणाराचं जातंय तोंड पाण्यात." मी म्हणालो काका, वाद नको, एक करून बघा. त्यांना काठ धरायला लावला, हात सरळ, अंग पाण्यावर सोडलेलं, डोकं वर, समोर भिंतीकडं नजर. पाय हळूहळू खाली गेले, गुडघे वाकले, बोटं फरशीला टेकली. मग म्हणालो, आता काहीच करू नका, फक्त मान सोडा अन् खालची फरशी बघा. त्यांनी गॉगल नीट केला, तोंड पाण्यात घातलं, आणि दोन-तीन सेकंदात कंबर वर आली, मग मांड्या, मग टाचा पाण्याला लागल्या. पायानं काहीच केलं नव्हतं. उभे राहिले, तळहातानं तोंडावरचं पाणी निपटलं अन् म्हणाले, "म्हंजी गाडी उलाळ होऊ लालती म्हण की."

इतक्या वर्षात मला कुणी ह्याच्यापेक्षा नेमकं सांगितलेलं नाही. बैलगाडीत मागं ओझं जास्त झालं की जू वर उचललं जातं अन् गाडी मागं बसते, तसंच हे. आपल्या छातीत हवा असते म्हणून छाती तरंगते, वजन मात्र कमरेकडं अन् मांड्यात असतं. डोकं चार-पाच किलोचं, ते पाण्याबाहेर उचलून धरलं की तेवढं ओझं वाढलं, आणि मागचं धड खाली गेलं. मग आपण आडवं नाही, तिरकं पवतो, मांड्या अन् पोट पाणी अडवत जातात.

करायचं काय, तर नजर खाली, फरशीवर जी काळी पट्टी असते तिच्यावर, अगदी सरळ खाली नाहीतर हातभर पुढं. मानेला ताण नको, बिनउशीचं पालथं झोपल्यावर मान कशी असते तशी. आणि छाती किंचित पाण्यात दाबायची, थोडंसंच. सुरुवातीला वाटतं आपण उतारावरून खाली चाललोय, तसं वाटायला लागलं की समजा बरोबर चाललंय. ह्याची प्रॅक्टिस म्हणजे भिंतीला दोन्ही पाय लावून ढकला द्यायचा, दोन्ही हात पुढं एकावर एक, दंड कानाला चिकटलेले, आणि नुसतं सरकत जायचं, हात नाही पाय नाही. कुठं थांबता ते बघा. रोज पूलमधे उतरल्यावर पहिले आठ-दहा वेळा हेच करा. मी पहिल्यांदा तीन मीटरला थांबलो होतो, महिन्यानं सहाच्या पुढं जायला लागलो, आणि त्या महिन्यात ताकद वगैरे काही वाढलेली नव्हती.

काही जण म्हणतील जुने चॅम्पियन डोकं वर ठेवूनच पवायचे की. खरंय. जॉनी वाइसमुलरनं १९२२ मधे १०० मीटर ५८.६ सेकंदात मारलं, एका मिनिटाच्या आत येणारा तो पहिला, आणि तो छाती-डोकं बरंच वर ठेवायचा. पण तसं पवायला पाय त्याच्यासारखे मशीनगत चालले पाहिजेत, आणि आज तेच अंतर २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमधे चीनच्या पान झानलेनं ४६.४० सेकंदात मारलंय. फरक एका डोक्यामुळं पडलेला नाही, ट्रेनिंग बदललं, पूल बदलले, पण आपल्यासारख्या ऑफिस सांभाळून पवणाऱ्यानं डोकं वर ठेवण्यात काही अर्थ नाही.

श्वास, खरी गाठ इथं आहे

माझ्या मते विहिरीत शिकलेल्या माणसाचं ऐंशी टक्के दुखणं श्वासात आहे. आपण तोंड पाण्यात घातलं की श्वास कोंडतो, आणि तोंड बाहेर आलं की त्या अर्ध्या सेकंदात आधी आतला सोडायचा अन् मग नवा घ्यायचा असं दोन्ही करायला बघतो. होत नाही ते. नवा श्वास अर्धाच येतो, पुढच्या वेळी त्याच्याही अर्धा, चौथ्या-पाचव्या हाताला घाबरं होतं. आणि ती जी गुदमरल्यासारखी भावना असते ना, ती ऑक्सिजन संपल्यामुळं नसते, आत कार्बन डायऑक्साइड साठतो त्याची असते. म्हणजे श्वास कमी पडत नाही, सोडायचा राहिलेला असतो.

म्हणून नियम एकच, तोंड पाण्यात असलं की श्वास बाहेर जातच राहिला पाहिजे, बारीक धार लावल्यासारखा, थांबायचा नाही. सगळ्यात सोपी युक्ती म्हणजे पाण्यात हूंऽऽऽ करायचं. आवाज चालू आहे म्हणजे हवा नाकातून बाहेर चाललीय, आणि हवा बाहेर चाललीय तोपर्यंत नाकात पाणी शिरत नाही. आवाज बंद झाला की समजायचं आपण परत कोंडला. तोंड बाहेर यायच्या क्षणी शेवटचा एक जोराचा फूं, आणि बाहेर फक्त आत घ्यायचं, तोंडानं, नाकानं नाही.

आधी काठ धरून करा. हूंऽऽऽ तीन-चार आकडे, मान बाजूला, घ्या, परत आत. वीस वेळा, तीस वेळा, कंटाळा येईपर्यंत. मग किक बोर्ड, म्हणजे हातात धरायची तरंगती फळी, धरून, मग एक हात पुढं एक मागं ठेवून. लगेच फुल स्ट्रोकवर, म्हणजे हात, पाय, श्वास सगळं एकत्र, उडी मारू नका, मी मारली होती अन् परत मागं यावं लागलं.

आता मान वळवायची कशी. वर उचलायची नाही, फिरवायची. पालथं झोपलेला माणूस कूस बदलताना कसं खांद्यासोबत डोकं जातं, तसं. एक गॉगल पाण्यात राहिला पाहिजे, एक बाहेर. तोंड अर्धं पाण्यात आहे असं वाटेल अन् भीती वाटेल की पाणी जाईल, पण आपण पुढं सरकत असलो की डोक्याच्या पुढं लाट उठते आणि गालापाशी पाणी थोडं खाली बसतं, खळगा पडतो तिथं. त्या खळग्यातूनच श्वास घ्यायचा. थांबून थांबून पवलात तर खळगा पडतच नाही, म्हणून हळू पवणाऱ्याला श्वास जास्त अवघड वाटतो.

वेळ पण महत्त्वाची आहे. उजवीकडून श्वास घेता ना, मग उजवा हात पाण्याखाली कमरेकडं जायला लागला की तोंड फिरायला सुरू झालं पाहिजे, आणि तो हात वरून पुढं येऊन पाण्यात शिरायच्या आधी तोंड परत आत गेलेलं पाहिजे. तोंड उशिरा आत गेलं की पुढच्या हाताचा सगळा तोल जातो. आणि श्वास घेताना डावा हात पुढं सरळ पसरलेला राहू द्या, त्याला खाली दाबून त्याच्यावर अंग उचलायला जाऊ नका. ही चूक मी रोज पूलवर बघतो, दहातल्या सात जणांची तरी असतेच, आणि खांदा पण त्यानंच दुखतो.

दर दोन हातांना श्वास घ्या, काही बिघडत नाही. पुढं सवय झाली की तीन हातांना एकदा, म्हणजे एकदा उजवीकडं एकदा डावीकडं, त्यानं दोन्ही खांदे सारखे चालतात. पण दम लागत असताना उगं तीनचा हट्ट धरू नका.

हात मारायचा नाही, घालायचा

विहिरीत आपण हात आपटतो, पाणी उडालं की बरं वाटतं. पूलमधे हात पाण्यात घालायचा, सदऱ्याच्या बाहीत घालतो तसा, आधी बोटं, मग मनगट, मग कोपर, जमलं तर एकाच भोकातून गेल्यासारखं. खांद्याच्या सरळ पुढं घालायचा, डोक्याच्या पुढं नाही. डोक्याची मधली रेघ ओलांडून हात पलीकडं गेला की अंग सापासारखं वळवळतं, कंबर डावी-उजवी जाते. तळवा खाली बघत असला पाहिजे. जुने लोक अंगठा खाली करून हात घालायला शिकवायचे, त्यात खांदा आत पिळला जातो, रोज पवणाऱ्याला त्याचा त्रास होतो, ते सोडून द्या.

आत गेल्यावर हात अजून थोडा पुढं पसरू द्यायचा आणि मग येतं खरं काम, ज्याला कॅच म्हणतात. इथं बहुतेक जण सरळ ताठ हात खाली दाबतात. खाली दाबलं की अंग वर उचललं जातं, पुढं जात नाही. खळ्यावर सोयाबीनची रास फावड्यानं ओढलीय का कधी? पातं उभं धरलं तरच रास सरकते, आडवं धरलं की फावडं वरून घसरत येतं अन् दाणे तिथंच राहतात. तसंच आहे. तळवा आणि कोपरापर्यंतचा हात हे तुमचं पातं. कोपर वर अन् पुढं राहू द्यायचं, बोटं खाली फरशीकडं करायची, पातं उभं झालं की मग पाणी मागं, पायाकडं ओढत न्यायचं. कोपर आधी मागं गेलं, तर पातं आडवं झालं, पाणी निसटलं. हे चटकन समजत नाही, मला पण समजलं नव्हतं. समजतं ते मूठ आवळून पवल्यावर. दोन्ही मुठी बंद करून २५ मीटर मारा, तळव्याचा आधार गेला की हात आपोआप कोपरापासून पाणी शोधायला लागतो, आणि नंतर मुठी उघडल्या की हातात पाण्याचं वजन लागतं. पहिल्यांदा ते वजन हाताला लागलं तेव्हा मी त्या दिवशी पूल बंद व्हायची शिट्टी होईपर्यंत बाहेरच आलो नाही.

ओढणं मधेच सोडू नका, मांडीपर्यंत न्या, अंगठा मांडीला घासून गेला पाहिजे. मग कोपर आधी बाहेर, बाकी हात ढिला, लोंबता, बोटं पाण्याला टेकत टेकत पुढं. बाहेर आलेला हात म्हणजे त्याची सुट्टी आहे, तेवढ्यात त्यानं विश्रांती घ्यायची. बोटं पाण्यावरून घासत नेण्याचा ड्रिलच, म्हणजे एकाच गोष्टीचा सुटा सराव, असतो, तो रोज चार राउंड.

हातावर एवढा जोर देऊन सांगतोय कारण फ्रीस्टाइलमधे पुढं नेण्याचं बहुतेक काम हातच करतात. आपले सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर, १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अपंगत्व आलेला फौजी माणूस, १९७२ ला हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमधे ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदात मारून वर्ल्ड रेकॉर्डसह सुवर्ण घेऊन आला, पॅरालिम्पिकमधलं भारताचं ते पहिलं सुवर्ण. दोन्ही पाय धड असलेल्या आपल्यातल्या किती जणांना ५० मीटर त्या वेळात मारता येईल हे घड्याळ लावून बघा, म्हणजे त्या माणसानं काय केलंय ते कळतं.

अंग फिरवणं आणि पाय

अंग फळीसारखं सपाट ठेवून पवायचं नाही, हात पुढं जाईल तशी ती कूस खाली, दुसरी वर, कंबर अन् खांदे सोबत. फार नाही, अर्ध्या कुशीपेक्षा कमीच. त्यानं हात लांब जातो आणि श्वासाला तोंड आपोआप बाहेर येतं. ह्यासाठी कुशीवर किक मारायचा ड्रिल करा, खालचा हात पुढं, वरचा मांडीवर, सहा किक, मग एक हात मारून दुसरी कूस. अवघड जातो, नाकात पाणी जातं, पण सोडू नका.

पायाचं थोडक्यात. सायकल बंद. किक कमरेपासून, गुडघा थोडासाच वाकतो, दोन पायात फूटभराच्या वर अंतर नको, आणि घोटे ढिले, पायातली चप्पल झटकून टाकतो तसे. ज्यांचे घोटे ताठ आहेत, म्हणजे पळणारे, सायकलवाले, ते किक मारून मारून उलट मागं जातात, त्यांनी रोज घरी दोन-तीन मिनिटं वज्रासनात बसावं, महिन्याभरात फरक पडतो. लांब पवायचं असेल तर पाय फार चालवू नका, मांडीचे स्नायू मोठे, दम तेच खातात. दोन हातांमागं दोन किक पुरेत. सहा किक ५०-१०० मीटर जोरात मारताना.

प्रॅक्टिस कशी लावायची

आठवड्यात तीन दिवस, चाळीस-पंचेचाळीस मिनिटं. पहिले पंधरा दिवस लांब पवायचंच नाही. दहा मिनिटं ढकला देऊन सरकणं आणि हूंऽऽऽ, मग किक बोर्डवर चार राउंड, मग एकेक ड्रिल, मूठ, बोटं घासणं, कुशीवर किक, प्रत्येकी चार राउंड, आणि शेवटी आठ राउंड फुल स्ट्रोक, पण एकेक राउंड सुटा, मधे वीस-तीस सेकंद थांबून. दमल्यावर स्टाइल बिघडते आणि बिघडलेल्या स्टाइलचीच सवय लागते, म्हणून थांबा. तिसऱ्या आठवड्यापासून ५० मीटर जोडून, मग १००. एका दिवशी एकाच गोष्टीकडं लक्ष द्या. आज श्वास म्हणजे श्वास, हाताचं काय व्हायचं ते होऊ द्या.

आणि हात मोजा. २५ मीटरला किती हात लागतात आणि किती सेकंद, दोन्ही एका वहीत लिहून ठेवा. माझे सुरुवातीला ३१ हात लागायचे, सहा महिन्यानं २२ वर आले, वेळ पण कमी झाला. नुसते हात कमी करायच्या नादात प्रत्येक हातानंतर थांबत गेलात तर वेळ वाढतो, म्हणून दोन्हींची बेरीज बघायची, ती कमी झाली पाहिजे.

आपल्याकडची अडचण म्हणजे पाणी. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं प्यायचं पाणी आणावं लागलं, अशा वर्षी पूल कोण भरणार, आणि कुणी भरू पण नये. पूल बंद असला की मी घरी एका मोठ्या घमेल्यात पाणी घेऊन, गॉगल लावून, श्वासाची प्रॅक्टिस करतो, मान बाजूला फिरवून, पन्नास वेळा. नंतर ते पाणी लिंबाच्या झाडाला जातं. खाटेवर पालथं पडून, एक हात बाहेर सोडून, कोपर वर ठेवायची सवय पण करता येते. पूल सुरू झाल्यावर हे सगळं कामाला येतं.

विहिरीत प्रॅक्टिस करणार असाल तर मोटारीचा स्टार्टर बंद करून फ्यूज काढून खिशात ठेवा, पाण्यात करंट उतरून माणसं गेलीत आपल्या भागात, हे हलक्यात घेऊ नका. एकटं उतरू नका, काठावर माणूस पाहिजे अन् हाताशी कासरा. धरणाच्या बॅकवॉटरमधे, मग ते नाथसागर असो की येलदरी, स्टाइल सुधारायला जाऊ नका, गाळ असतो, जाळी असतात, कुठं एकदम खोल होतं समजत नाही. आणि पाण्यात उतरायच्या आधी जोरजोरात श्वास घेऊन मग बुडी मारून किती वेळ राहतो अशी पैज कधीच लावू नका. आपण लहानपणी सगळ्यांनी लावलीय, पण त्यात आतला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, श्वास घ्यावा असं वाटतच नाही आणि माणूस पाण्याखाली गपकन बेशुद्ध होतो, चांगला पवणारा सुद्धा.

शेवटचं काम मोबाइलचं. महिन्यातून एकदा कुणाला तरी काठावरून बाजूनं तुमचा व्हिडिओ काढायला सांगा, पण आधी पूलवर परवानगी विचारा, बाकीचे लोक अन् लेकरं त्यात येऊ नयेत. एक राउंड पुरतो. घरी स्लो करून बघा. श्वास घेताना दोन्ही गॉगल बाहेर दिसतायत का, हात पाण्यात शिरताना पाण्याचा फवारा उडतोय का, आणि टाचा. टाचा पाण्याच्या पातळीला दिसत असतील तर गाडी सरळ आहे. दिसत नसतील तर पुढच्या दिवशी हात-बित सगळं बाजूला ठेवा अन् परत भिंतीला पाय लावून नुसतं सरकण्यापासून सुरू करा.